फंक्शन की चालत नाही म्हणून कीबोर्ड बदलू नका

संपादक महोदय,

ऑपरेटिंग सिस्टम नव्याने टाकली की कधीकधी ब्राइटनेसची बटणं चालेनाशी होतात आणि आपण कीबोर्डच गेला असं धरून चालतो, माझंही तसंच झालं, नवा कीबोर्ड बसवला तरी तेच, म्हणून कळकळीने लिहितोय. ही बटणं ज्याच्यासोबत दाबतो ते एफएन, म्हणजे फंक्शन, हे बटण शिफ्ट किंवा कंट्रोलसारखं नसतं हो, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते दाबलेलं ऑपरेटिंग सिस्टमला कळतसुद्धा नाही. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते, ती बटणं सतत तपासते आणि एफएनसोबत दुसरं काही दाबलं की काय करायचं ते तीच ठरवते. काही कामं ती स्वतःच उरकते, आवाजाच्या बटणांचा बहुतेक वेळा साधा की-कोड पुढे पाठवते, आणि काहींसाठी एसीपीआयमार्फत, म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातल्या ठरलेल्या संवादपद्धतीने, नुसता निरोप देते, तो ऐकायला हॉटकी ड्रायव्हर, म्हणजे या खास बटणांसाठीचं छोटं सॉफ्टवेअर, नसेल तर बटण कितीही दाबा, स्क्रीन तशीच. आधी ड्रायव्हर टाका, बायोसमधलं, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधलं, फंक्शन कीचं सेटिंग बघा, काही मॉडेलवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून एफएन लॉक होतं, म्हणजे एफएन न धरताही वरच्या ओळीतल्या बटणांचं काम बदलतं, तेही तपासा. आणि कंपन्यांनी कुठल्या बटणाला ड्रायव्हर लागतो एवढं तरी मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापावं.

– एक वाचक