गोळीबद्दल, आणि प्रगतिपुस्तकांबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या गोळीची सवय लागली तर?" मी ऑफिसात होते, म्हणून हं-हं करून वेळ मारून नेली. आता नीट लिहिते. गोळी मिथाइलफेनिडेटची, एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासासाठी. ती शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येते, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदार ठेवून घेतो. सांगितलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतली तर व्यसनाची भीती फारशी नाही. भूक कमी होते, झोप उडू शकते, म्हणून सकाळी घ्यायची. बीपी आणि नाडी ते तपासत राहणार.

आई, एडीएचडी मोठेपणी जडत नाही. तो लहानपणापासूनच असतो. वर्गात धुडगूस घालणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीशी गप्प बसलेली मुलगी बाईंच्याही नजरेतून सुटते. "हुशार आहे, पण लक्ष नाही" हा शेरा मी इतकी वर्षं खरा धरून चालले. म्हणून एकेक मेल दहादा वाचायचा, गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून परत यायचं, कुणी "अगं, विसरलीस?" म्हटलं की आठवडाभर तेच डोक्यात. बाहेर सगळं सुरळीत, आणि घरी आल्यावर तुमचा फोन उचलायचंही त्राण नाही. तुम्हाला वाटायचं, पुण्याला गेली आणि बदलली.

आधी अँग्झायटी, मग डिप्रेशन. त्या गोळ्यांनी रडू थांबलं, हे खरंच. पण विजेचं बिल राहायचं ते राहायचंच, आणि राहिलं की पुन्हा मीच मला शिव्या घालायचे. ओल कुठून येतेय ते न बघता भिंतीला रंग देत होतो आम्ही. नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदा शाळेबद्दल विचारलं.

"आमचं काय चुकलं" हे मात्र आता पुरे. संस्कारांनी किंवा लाडांनी हे होत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात निघतो. बाबा, माळ्यावर उघडून ठेवलेले ते रेडिओ आठवा. राग मानू नका, पण एकदा विचार करा. तुम्हालाही नोकरीत किती जीव मुठीत धरून दिवस काढावे लागले असतील, असं हल्ली सारखं मनात येतं.

आता काम. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीची आहेत, याची डॉक्टरांना खात्री करायची आहे. लोखंडी कपाटात माझी प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं असतील. मार्क नकोत, शेऱ्यांच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. आणि आई, डॉक्टर तुझ्याशी फोनवर बोलणार आहेत. मला झाकून घेऊ नकोस. डबा, छत्री, कंपास, जे जे हरवलं ते सगळं सांग.

आत्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त "थायरॉइडची गोळी आहे" असं सांगू नका.

तुमची,
मनू