मेस्तकाकांना, चौथ्या चिऱ्यावरून

मेस्तकाका, साष्टांग नमस्कार.

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सायकल जांभ्या दगडाच्या चार चिऱ्यांवर चढली. दोन्ही चाकं. तुम्ही तेव्हा वाळपईच्या कामावर होता. फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस?" म्हणून विषय संपवता, म्हणून लिहितेय. तुम्ही मराठी पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचता, एक ओळ सोडत नाही. हे पत्रही तसंच वाचाल, याची मला खात्री आहे. आणि चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते गोव्यातल्या आपल्या म्हार्दोळात कुणालाच नीट ठाऊक नाही. "पोरीला थोडे चिरे रचून दिले," एवढंच तुम्ही घरी सांगितलंत असं काकी म्हणाल्या.

वाचणाऱ्यांसाठी आधी सांगते: मेस्त म्हणजे गवंडी, आणि माझी सायकल ट्रायल्सची. ट्रायल्सची सायकल लांब जायला नसते. तिला सीट नसते, कारण बसायचं नसतंच. माझ्या सायकलीची चाकं २० इंची आहेत, पुढच्या चक्रीला १८ दात, मागच्या चक्रीला १२, म्हणजे पाय दाबला की झटक्यात ढकलते पण वेग धरत नाही. मागचा टायर जाड, हवा कमी. तिच्यावर उभं राहून दगड, पायऱ्या, भिंती चढायच्या, पाय जमिनीला न लावता. हा खेळ मोटारसायकलीच्या ट्रायल्समधून आला. स्पेनमधल्या कातालोनियाच्या पेरे पी या मोटारसायकलस्वारानं आपल्या मुलासाठी, ओतसाठी, बिनमोटारीची छोटी गाडी करून दिली, आणि तिथं या खेळाला 'त्रियालसिन' म्हणू लागले. 'सिन' म्हणजे शिवाय, मोटारीशिवाय. हे मी तुम्हाला चहा पिताना सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे बापानं मुलाला हत्यार करून दिलं." तुम्ही सायकलीला कायम हत्यारच म्हणालात. थापी, ओळंबा, सायकल. मला ते फार आवडलं होतं, सांगायचं राहून गेलं.

तुम्ही भेटण्याआधी दोन वर्षं मी एकटीच शिकत होते. एका जागी तोल धरून उभं राहणं जमलं होतं, मागच्या चाकावर चार-पाच उड्या जमत होत्या. सपाट रस्त्यावर बनी हॉपही जमत होता, म्हणजे पुढचं चाक उचलून पाठोपाठ मागचं उचलायचं आणि आडवी ठेवलेली काठी ओलांडायची. मला वाटलं, आता भिंत म्हणजे फक्त उंच काठी. ते खरं नव्हतं. काठी ओलांडताना मागचं चाक क्षणभर वर आलं तरी भागतं. भिंतीवर ते वर येऊन तिथंच टेकावं लागतं, आणि टेकेपर्यंत अंगाखालची सायकल पुढे सरकलेली असावी लागते. माझं मागचं चाक दर वेळी सिमेंटच्या कडेवर आदळायचं. ट्यूब रिम आणि कडेच्या मध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडायची. चाक अडलं की मी पुढे फेकली जायची. पणजीत एका ठिकाणच्या पायऱ्यांवरून मला तीनदा हाकललं, तेव्हा आमच्याच सोप्याच्या पायरीवर सुरुवात केली. तिथंच तुम्ही मला पहिल्यांदा पडताना पाहिलंत.

गेल्या वर्षी गणपतीची चवथ झाल्यावर तुम्ही आमचा पडका गडगा बांधायला आला होता. मी पडले तेव्हा तुम्ही धावत आला नाहीत. हातातला चिरा जागेवर बसवलात, मग आलात, आणि माझ्या गुडघ्याकडे न बघता पायरीच्या कडेकडे बघितलंत. टायरचा काळा डाग तिथं होता. त्यावर बोट ठेवून म्हणालात, "बाय, रोज इथंच लागतं?" मी हो म्हटलं. "रोज एकाच जागी लागतं म्हणजे चूक एकच आहे."

दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की मला ताकद कमी पडते, धीर कमी पडतो. चूक एकच असू शकते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तुम्ही उरलेल्या चिऱ्यांची बुटकी भिंत रचलीत, गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत. मला तेव्हा कळलं नाही की ती किती विचार करून रचली आहे. खालचे थर एकमेकांत अडकवून पक्के, मागे मातीची भर घालून वर उतरायला पुरेसा माळा, आणि सगळ्यात वरचा पुढच्या कडेचा चिरा नुसता ठेवलेला. ना माती, ना सिमेंट. चाक आपटलं की तो चिरा मागे सरकायचा किंवा कलंडायचा, आणि सायकल मला घेऊन उलटायची नाही. मग चिरा परत ठेवायचा आणि पुन्हा. सिमेंटची पायरी असं काही करत नाही. तुम्ही सांगितलंत की खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, कोयत्यानं तासता येतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो, म्हणून मुद्दाम जुने चिरे घेतलेत, कडा लगेच झडू नयेत म्हणून. (या दगडाला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारात तो विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून हे नाव दिलं. तुम्हाला हे आवडेल म्हणून शोधून ठेवलं होतं.)

आणि उंची. आपले चिरे आडवे ठेवले की ७ इंच, कडेवर उभे केले की ९. तुम्ही गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेत: ७, ९, १४, १६, १८, २१. मी आजवर फूटपाथ आणि पायऱ्या मिळतील तशा चढायची, म्हणजे ६ इंचांवरून एकदम १८. मधलं काही नसायचंच. तुम्ही मला मधले आकडे दिलेत. नोव्हेंबर संपेपर्यंत मी १६ वर होते.

पण त्याच्याही आधीचा तो चिरा उचलण्याचा धडा. माझे व्हिडिओ बघून तुम्ही म्हणालात, "तू हातानं ओढतेस." मी म्हटलं, हँडल हातातच असतं ना. तुम्ही एक चिरा पुढ्यात ठेवलात आणि उचलायला लावलंत. मी कोपर वाकवून उचलला. "हे असं दिवसाला शंभर वेळा केलंस तर खांदे जातील. हात ही दोरी. दोरीला जोर नसतो, ती फक्त बांधते. जोर पायात." मग कूल्हे मागे, हात सरळ, पायांनी जमीन ढकलायची, आणि चिरा मांडीपर्यंत आला की कंबर पुढे. दहा वेळा माझ्याकडून उचलून घेतलात. अकराव्यांदा मी सायकलीवर गेले आणि तेच केलं. आधी खाली बसून कूल्हे मागे टाकले, हात ताणले, तर पुढचं चाक न ओढताच वर आलं. मग कंबर हँडलकडे आणली आणि उभी राहिले. सायकल माझ्यासोबत उभी राहिली. बनी हॉप शिकवणारे सगळे हेच सांगतात, हात सरळ, कंबर पुढे. मी शंभर वेळा ऐकलं होतं. अंगाला कळलं ते त्या चिऱ्यामुळे.

जानेवारीत २१ इंचांवर अडकले. तीन चिरे. दोन महिने. याबद्दल मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचेत, कारण त्या दोन महिन्यांत तुम्ही एकदाही "घाबरू नको" म्हणाला नाहीत. तुम्ही डब्यात चुना कालवून आणलात आणि मागच्या टायरला फासलात. भिंतीच्या तोंडावर पांढरे पट्टे उमटत गेले, सगळे कडेच्या साधारण दोन इंच खाली. तुम्ही पट्टे मोजलेत, हातातली फुटपट्टी कपाळाला लावून बराच वेळ बघत राहिलात. मग चाळलेली तांबडी माती भिंतीसमोर पसरलीत, अंगणात रांगोळीआधी सारवण घालावं तशी सपाट, आणि मला पुन्हा यायला लावलंत. मातीत मागच्या चाकाचा शेवटचा ठसा भिंतीपासून पाच विती होता.

"तू लांबून उडतेस. भिंतीपाशी पोचतेस तेव्हा खाली यायला लागलेली असतेस."

तेच होतं. पुढचं चाक भरपूर वर जायचं, म्हणून मला वाटायचं उडी पुरेशी आहे. पण सगळ्यात उंच बिंदू भिंतीच्या अलीकडेच येऊन जायचा. तुम्ही तीन वितींवर चुन्याची रेघ मारलीत आणि सांगितलंत की मागचं चाक या रेघेवर आल्याशिवाय जमीन सोडायची नाही. भीती वाटली, कारण तेवढ्या जवळ गेल्यावर पुढचं चाक आधीच कडेच्या वर हवं, नाहीतर ते भिंतीला धडकणार. म्हणजे पुढचं लवकर, मागचं उशिरा. आणि वर आल्यावर हँडल पुढे ढकलून गुडघे पोटाशी घ्यायचे, मागच्या चाकाला जागा करून द्यायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात २१ झालं. त्याच दिवशी तुम्ही लादी कापायचा ग्राइंडर आणलात, धातूची पाती लावलीत आणि माझ्या रिमवर बारीक तिरपे ओरखडे काढून दिलेत, ब्रेकचे पॅड धरावेत म्हणून. भिंतीवर उतरल्यावर मागचा ब्रेक त्याच क्षणी धरला नाही तर सायकल पलीकडे जाते, हे मी एकदाच सांगितलं होतं.

आता आईबद्दल. हे तिला विचारूनच लिहितेय. एप्रिलमध्ये मी तुमच्या भिंतीचा सराव सोडून दुसरीकडे सिमेंटच्या कठड्यावर गेले, मनगट मुरगळलं, हनुवटीला तीन टाके पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. तुमच्या साइटवर टोपीशिवाय कुणी चढत नाही आणि माझ्याही बाबतीत तुम्ही पहिल्या दिवसापासून तेच लावून धरलंत, त्याचेही आभार. आई त्या संध्याकाळी तुमच्याकडे आली आणि म्हणाली, मेस्त, ती भिंत पाडून टाका. तुम्ही चहा घेतलात, रिकामा कप बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "वहिनी, सांगाल तर उद्या पाडतो. पण मग ती सिमेंटवर जाईल. माझ्याकडे चिरा पडतो, तिथं ती पडते." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच भिंतीभोवतीचं गवत काढलं.

मी तुम्हाला एकदा डॅनी मॅकअस्किल या स्कॉटिश ट्रायल्स सायकलस्वाराचा २००९ चा एडिंबराचा व्हिडिओ दाखवला होता, ज्यात तो लोखंडी टोकेरी कुंपणाच्या माथ्यावरून सायकल नेतो. लाखो लोकांनी तो बघितलाय आणि सगळे त्याच्याकडेच बघतात. तुम्ही विचारलंत, मागच्या घरांचा दगड कसला? मी शोधून सांगितलं, वालुकाश्म. तुम्ही म्हणालात, "मग पकड चांगली असणार." त्या दिवसापासून मी रस्त्यानं जाताना भिंती बघते. कुठली कड झिजलीय, कुठं शेवाळ धरलंय, कुठला दगड सुटलाय. देवळाच्या तळीच्या पायऱ्यांपासून बसस्टॉपच्या कट्ट्यापर्यंत सगळं आता मला वाचता येतं, आणि हे वाचणं तुमचं आहे.

रविवारचा हिशेब असा. २८ इंच, चार चिरे आडवे. सतरा वेळा प्रयत्न केला. पहिल्या नऊ वेळा वरचा चिरा सरकला, दहाव्यापासून सरकला नाही पण मी ब्रेक उशिरा धरत होते आणि माळ्यावरून पलीकडे उतरत होते. सतराव्या वेळी मातीतला ठसा तीन वितींच्या रेघेवर आहे, चार बोटंसुद्धा इकडेतिकडे नाही. वरचा चिरा हलला नाही. मागच्या चाकाचा चुना कडेपासून चार बोटं आत उमटलाय. मी त्यावर पाय दिलेला नाही, आईनं वर उलटी टोपली झाकून ठेवलीय.

वाळपईचं काम आटोपलं की पाऊस यायच्या आत येऊन बघा.

तुमची,
बाय