भाड्याच्या गाडीचा काटा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

भाड्याने घेतलेली गाडी इंधन संपून भर रस्त्यात उभी राहिली की सगळे चालकालाच वेंधळा ठरवतात. खरे तर तिथे बहुधा वेंधळेपणा नव्हे, सवय नडते. आपली गाडी लाल रेघेखाली आणखी किती ओढेल, हे वर्षानुवर्षे चालवून अंगवळणी पडलेले असते. भाड्याच्या गाडीत तो अंदाज चालत नाही, कारण टाकी निराळी, काटा निराळा आणि पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या पायाचे.

आधी काट्याचे पाहू. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट तरंगत असतो. तो खालीवर झाला की दांडीच्या बुडाशी असलेला विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून काटा हलतो. टाकी काठोकाठ भरली की फ्लोट वर टेकून राहतो. त्यामुळे बऱ्याच गाड्यांत पहिले पन्नासेक किलोमीटर काटा ‘फुल’वरून ढळतच नाही आणि चालवणारा खूश होतो. पुढे अर्ध्याखाली तोच काटा भराभर उतरल्यासारखा वाटतो. शिवाय मागच्या सीटखाली, चाकांच्या आणि सायलेन्सरच्या मधल्या सापटीत बसवायची म्हणून टाकीला आकारउकार असा काही नसतो, त्यामुळे पाव खुणेवर खरोखर पाव टाकी असेलच असे नाही. चढावर इंधन एका बाजूला सरकते आणि काटा खोटे बोलतो. म्हणून गाडी ताब्यात घेताना ती सपाट जागी उभी करावी, इंजिन सुरू करून काटा स्थिर होऊ द्यावा आणि मगच काटा व किलोमीटर दोन्ही दिसतील असा डॅशबोर्डचा फोटो काढावा.

‘अजून १२० किलोमीटर’ असे सांगणारा आकडा तर त्याहून फसवा. मागच्या काही अंतरात गाडीने किती इंधन खाल्ले, त्यावरून तो काढलेला असतो. काल कोणी ती एकट्याने मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवली असेल आणि आज तुम्ही पाच माणसे, सामान आणि एसी घेऊन घाट चढत असाल, तर वीसच किलोमीटर जाऊन तो आकडा ७० वर आलेला दिसेल. गाडी बिघडलेली नसते, कालचा हिशेब आजच्या रस्त्याला लागू पडत नाही इतकेच.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि आकडेमोड स्वतः करा. टाकीची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. समजा ४५ लिटरची टाकी आहे. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ९ लिटर, नाहीतच असे धरा. उरलेल्या ३६ लिटरांवर १४ च्या ॲव्हरेजने गाडी ५०० किलोमीटर जाईल, पण घाटात किंवा कोंडीत १० चेच मिळाले तर ३६० वर हिशेब संपला. तेव्हा पहिल्या टाकीला ३०० चा आकडा दिसला की जो पंप लागेल तिथे थांबावे. तिथे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरा आणि पावतीवरचे लिटर पाहा. ३०० किलोमीटरला २४ लिटर बसले, तर या गाडीचे, या रस्त्यावरचे, तुमच्या हातचे ॲव्हरेज साडेबारा. पुढचा प्रवास या आकड्यावर करायचा. नोझल बंद पडल्यावर आणखी लिटरभर कोंबायचा मोह टाळावा. पेट्रोल गाडीत ते जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो निकामी करू शकते.

परदेशात गाडी घेणाऱ्यांची आणखी एका ठिकाणी गफलत होते. युरोपातल्या गाड्यांत ‘१०० किलोमीटरला ७ लिटर’ अशी नोंद दिसते. १०० ला ७ ने भागले की १४.३ हे आपल्या ओळखीचे ॲव्हरेज मिळते. तिथे आकडा वाढणे म्हणजे गाडी जास्त पिते आहे. मैल आणि गॅलनच्या देशांत हेही लक्षात ठेवावे की अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा. गॅलनला ३० मैल म्हणजे अमेरिकेत सुमारे १२.७५, तर ब्रिटनमध्ये जेमतेम १०.६ किलोमीटर प्रतिलिटर.

पंपावर पोचूनही घोळ होतोच. टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे, हे काट्याशेजारच्या पंपाच्या चित्राजवळचा बाण सांगतो. ही सोय फोर्डमधले जिम मोयलन यांनी १९८६ मध्ये सुचवली होती. झाकण उघडायची तऱ्हा मात्र गाडीगणिक बदलते: कुठे सीटजवळ खटका, कुठे डॅशबोर्डवर बटण, तर कुठे दारांचे लॉक काढून झाकण नुसते दाबायचे. गाडी घेतानाच ते एकदा उघडून पाहावे. झाकणाच्या आत पेट्रोल की डिझेल तेही लिहिलेले असते. डिझेलचे नोझल जाड असल्याने पेट्रोलच्या तोंडात सहसा जात नाही, पण पेट्रोलचे बारीक नोझल डिझेलच्या टाकीत आरामात जाते. तसे झालेच तर इग्निशनसुद्धा लावू नये, कारण काही गाड्यांत तेवढ्यानेही पंप सुरू होऊन चुकीचे इंधन पुढे ढकलले जाते.

इंधनाचा दिवा लागल्यावर साधारण ५ ते ७ लिटर उरलेले असतात, पण गाडीगणिक यात फरक पडतो. अशा वेळी वेग ७०-८० वर आणून स्थिर ठेवावा, एसी बंद करावा. उतारावर न्यूट्रल करून इंधन वाचते हा समज कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागते आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

इंजिनाने आचके द्यायला सुरुवात केली की लगेच कडेला यावे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर पाय रोवून दाबावा लागतो. गाडी चालती असताना किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होईल. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारण्यात काही हशील नाही. टाकीतला इंधनपंप इंधनानेच थंड राहतो, तो कोरडा फिरला की तापतो आणि बॅटरीही उतरते. डिझेल गाडीच्या नळ्यांत हवा शिरली तर इंधन घालूनही ती चटकन सुरू होत नाही, हवा काढावी लागते. मदतीला इंधन मागवायचेच तर निदान पाच लिटर मागवावे. उतारावर उभ्या गाडीत लिटरभर इंधन पंपाच्या तोंडापर्यंत पोचेलच असे नाही. काही नव्या गाड्यांच्या टाकीला फिरकीचे टोपण नसते, आत झडप असते. कॅनचे साधे तोंड ती उघडू शकत नाही, त्यासाठी लागणारे नरसाळे स्टेपनीजवळ ठेवलेले असते. भाड्याच्या गाडीतून ते कधी गायब झालेले असते, कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता करारांविषयी. ‘फुल घ्या, फुल परत द्या’ ही पद्धत सरळ आहे. पण आगाऊ टाकीभर पैसे घेऊन ‘रिकामी परत आणा’ म्हणणारी योजना गिऱ्हाइकाला शेवटच्या थेंबाशी खेळायलाच लावते, कारण उरलेल्या इंधनाचे पैसे मिळत नाहीत. ती घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वर इंधन संपून गाडी अडकली, तर अनेक करारांत तो बिघाड धरत नाहीत आणि मदतीचा खर्च गिऱ्हाइकावरच येतो. ही ओळ सहीआधी शोधून वाचावी.

गाड्या भाड्याने देणाऱ्यांना यात फारसे काही करावे लागणार नाही. इंधन कोणते, टाकी किती लिटरची, दिवा लागल्यावर किती उरते आणि झाकण कसे उघडायचे, एवढ्या चार गोष्टी गिऱ्हाइकाला लेखी द्याव्यात. किल्लीला गाडीच्या नंबराचा बिल्ला लावलेलाच असतो, त्याची मागची बाजू कोरी असते.

आपले,
वाहनदुरुस्तीच्या कामातले दोन वाचक