मेळघाटात तिसरी भाषा मराठीच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी हवी की नको, यावरून 2025 साली महाराष्ट्र ढवळून निघाला. 16 एप्रिलला शासन निर्णय निघाला, 17 जूनला तो सुधारला, 29 जूनला दोन्ही मागे घेतले. त्या गदारोळात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलता धरून चालले होते, की पहिली भाषा अर्थातच मराठी. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू आदिवासी मुलाला हा हिशेब लागू होत नाही. घरात कोरकू, बाजारात हिंदी, आणि मराठीची खरी गाठ पडते ती शाळेच्या फळ्यावर. त्याची तिसरी भाषा आपली मराठी आहे, आणि तीच त्याला पहिली म्हणून शिकवली जाते.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाली-मुंडारीच्या नात्यातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा. 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांहून अधिक होते, त्यांतले बहुतेक मध्य प्रदेशात. तिच्यात क्रियापद बाई-पुरुष पाहून बदलत नाही. सजीव-निर्जीव हा भेद मात्र पाळला जातो. म्हणून मूल 'आई आला' म्हणते, आणि गुरुजी त्याला मठ्ठ ठरवतात. कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचने आहेत. 'दोघे' आणि 'पुष्कळ' यांना मराठीत एकच रूप का, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. उलट 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कोरकूतही आहे. हिंदीत तो नाही. म्हणजे या एका ठिकाणी मराठी त्याला हिंदीपेक्षा जवळची पडते, पण त्याचा फायदा घेणारा पाठ कुठे आढळत नाही. वाघाला कोरकूत 'कुला' म्हणतात. मराठी कानाला त्याचे हसू येते, आणि एकदा वर्ग हसला की मूल तो शब्द पुन्हा तोंडातून काढत नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 'शक्य तेथवर' मातृभाषा म्हणते, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही रोख तोच. सगळे अडते ते त्या 'शक्य तेथवर'पाशी. म्हणून काय शक्य आहे, ते लिहितो.

पहिला मुद्दा तपासणीचा. केंद्राच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टाप्रमाणे तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. देवनागरी अशी लिपी आहे की अक्षरे जुळली, मात्रा कळल्या, की अर्थ न कळताही ती खडाखडा वाचता येते. आपल्यापैकी कितीजण अथर्वशीर्ष अस्खलित म्हणतात, पण त्याचा अन्वय लावायला सांगितला तर गप्प होतात! कोरकू मुलाचे मराठी वाचन पुष्कळदा याच जातीचे असते. घड्याळ लावून शब्द मोजले की मूल उत्तीर्ण होते आणि पाचवीत गणिताच्या शाब्दिक उदाहरणापाशी बसकण मारते. उपाय स्वस्त आहे. उतारा वाचून झाल्यावर तीन प्रश्न कोरकूत विचारावेत आणि उत्तर कोरकूत घ्यावे. एक प्रश्न उताऱ्यात सरळ दिसणारा, एक 'का' विचारणारा, एक पुढे काय होईल असा. अर्थ कळला असेल आणि मराठी बोलता येत नसेल, तर तो दोष वेगळा. अर्थच कळला नसेल, तर वेगळा. आजच्या तपासणीत दोन्ही एकाच खान्यात पडतात.

दुसरा मुद्दा वर्गातला. कोरकू जाणणारी एक व्यक्ती बहुतेक गावांत आधीपासून असते : अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस. तिला शाळेतही रोज तासभर मानधनावर बोलवावे. पण एक चूक टाळायला हवी. गुरुजींनी मराठीत वाक्य म्हणायचे आणि तिने लगेच कोरकूत सांगायचे, अशी पद्धत पडली की मुले मराठी ऐकणेच सोडतात. भाषांतराची वाट पाहत बसतात. म्हणून तास वेगळे हवेत. पहिलीत वाचन-लेखन कोरकूत, आणि मराठी रोज अर्धा तास, फक्त ऐकायची व करायची : ऊठ, दार उघड, दोन खडे दे. मराठी वाचन दुसरीत. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे कोरकूत शिकलेले अक्षर वाया जात नाही, आणि मराठी मागे पडेल ही पालकांची भीती इथेच दूर करता येते. अक्षरांचा क्रमही कोरकू शब्दांवरून ठरवावा. जी अक्षरे मुलांच्या ओळखीच्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात ती पाच-सहा आधी. क्ष, ज्ञ, ष यांना घाई नाही.

तिसरा मुद्दा पुस्तकांचा, आणि गोंधळ सर्वाधिक इथेच आहे. कोरकूत शब्दाच्या शेवटी घशात आवाज अडवून तोडतात. देवनागरीत त्याला रोजच्या वापरातले चिन्ह नाही. कोणी विसर्ग घालते, कोणी अवग्रह (ऽ), कोणी काहीच नाही. कोणतेही एक चिन्ह घ्या, पण तालुकाभर तेच ठेवा. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत; पुस्तकात कोणता धरला आहे हे पहिल्याच पानावर शिक्षकासाठी लिहा. 'शुद्ध कोरकू'च्या समित्या नेमून आजोबांनाही आठवत नाहीत असे शब्द शोधू नका. मुले 'मोबाइल' म्हणत असतील, तर मोबाइलच छापा. आणि बालभारतीचा धडा ओळीला ओळ कोरकूत उतरवला, तर वाक्यरचना मराठीच राहते व मुले अडखळतात. गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून लिहिली, तर असे होत नाही. छापण्यापूर्वी दोन गावांतल्या पाच-पाच मुलांपुढे ठेवावी आणि जिथे तीन मुले थांबतील ते वाक्य बदलावे.

पुस्तिका करायला छापखाना लागत नाही. ए-४ आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पाने होतात. कागद जरा जाड, 100 जीएसएमचा घ्यावा, कारण पातळ कागदावर मागचे चित्र दिसते आणि मूल तेच वाचू पाहते. अक्षर 24 पॉइंटचे, पानावर दोन ओळी, ओळींत अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. शब्द ओळीअखेर तोडू नये. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की कचरा दिसतो, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा टाइप करावे लागते. मेळघाटच्या पावसात पिना गंजतात. सुई-दोऱ्याने तीन टाके घालणे बरे. चित्रांबाबत एक विनंती : आदिवासी म्हटले की वारली चित्र डकवू नका. वारली पालघरचे. कोरकू गावात समोरासमोर दोन रांगांत घरे असतात. तशी गल्ली काढली तर मूल पान उलटण्याआधीच बोलू लागते. खुल्या परवान्याच्या गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी भाषांतरित करून छापायची मुभा आहे.

ही पुस्तके मग पेटीत कुलूपबंद होतात, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली असतात आणि फाटली तर भरून द्यावी लागतील, अशी मुख्याध्यापकांना धास्ती असते. जिल्हा परिषदेने एका ओळीचे परिपत्रक काढावे : मुलांच्या हातातल्या पुस्तिका खडू-पेन्सिलींसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू समजाव्यात. वर्गात दोरी बांधून, मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर त्या चिमट्याने अडकवल्या की पुरे. डोक्यावरची दोरी फक्त भेट देणाऱ्या साहेबांसाठी असते.

कोरकूचे पाहून शेजारच्या निहाली भाषेला विसरू नये. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला जेमतेम काही हजार माणसे ती बोलतात, आणि ती कोणत्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. कोरकू पुस्तक दिले की निहाल मुलाचे काम झाले, असे समजू नये.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीला परतवाडा, अमरावतीकडे उतरतात आणि होळीला परततात. त्या काळात वाचन सुटते. निघताना प्रत्येक मुलाच्या पिशवीत पाच कोरकू पुस्तिका व एक कोरी वही टाकावी, नोंद फक्त मुलाच्या नावासमोर करावी, आणि पुस्तिका परत मागू नयेत.

आपले,
काही वाचक, धारणी (जि. अमरावती)