शनिवारी येण्याआधी वाच

हातकणंगले
आषाढी एकादशी, 6 जुलै 2025

चि. तायडीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. "आबा, शनिवारी येतो. रग्बीच्या निवडीसाठी पन्नास पोरी मैदानावर तयार ठेवा. उंची, वजन, तीस मीटर पळणं, उडी. दोन तासांत उरकतो." पुण्यात चार वर्षं काढूनही तुझ्या 'येतो'चं 'येते' झालं नाही, हे बघून आईला बरं वाटलं. मला मात्र बाकीच्या निरोपानं झोप लागली नाही. पोरी म्हणजे काय पोती आहेत का, काट्यावर चढवली आणि पावती फाडली? फोनवर बोललो असतो, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं. म्हणून लिहितो. बाहेर पाऊस लागलाय, आणि साबुदाण्यानं डोळे जड व्हायच्या आत हे संपवायचं आहे.

उपवासावरूनच सुरुवात करतो. तू नववीत होतीस. जिल्ह्याच्या कबड्डीला वजनाची अट, आणि तू दीड किलो वर. मी तुला आदल्या दुपारपासून जेवू दिलं नाही. उन्हात स्वेटर घालून पळवलं. पाण्यानं चूळ भरायची, गिळायचं नाही, असं बजावलं. सकाळी तू काट्यात बसलीस, आणि दुपारी दुसऱ्या डावात चढाईला गेलीस ती मध्यरेषेवरच मटकन खाली बसलीस. माझ्याशेजारचे मास्तर म्हणाले, दम सुटला. दम नव्हता सुटला, पोटात काही नव्हतं. हे मी इतक्या वर्षांत तुला कधी बोललो नाही. पुढच्या वर्षी तू चार किलोंनी वाढलीस आणि त्या गटात बसणं संपलं. खांदे रुंद झाले, मांड्या भरल्या. माझ्या खेळात तो तुझा दोष ठरला.

मग अकरावीत तो रग्बीवाला आला. मला एका शब्दानं न विचारता, कबड्डीच्या मैदानाबाहेर उभा राहून तुझ्याशी परस्पर बोलला आणि आठ दिवसांत तू त्यांच्या शिबिराला गेलीस. मी तुझ्याशी चार महिने धड बोललो नाही. गावात म्हणायचो, माझी तयार पोर पळवली. आज कबूल करतो, त्याची रीत चुकली होती, नजर चुकली नव्हती. जे अंग मी उपाशी ठेवून कमी करत होतो, तेच त्याला हवं होतं.

आता त्याच्या जागी तू आहेस. म्हणून पहिली गोष्ट ही, की पोरीच्या मास्तरांना आधी भेट. पलीकडच्या शाळेतले खो-खोचे सर, तालमीचे वस्ताद, सगळ्यांना. चहा घे, त्यांची पोरगी कशी खेळते ते त्यांच्याच तोंडून ऐक. पाच वर्षं रोज पहाटे मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाला तुझ्या स्टॉपवॉचपेक्षा जास्त ठाऊक असतं. हरल्यावर कोण रडतं, कोण भांडतं, आणि कोण गप जाऊन जाळं गुंडाळतं, हे तीस मीटर पळवून कळत नाही. आणि त्यांना साफ सांग, पोरगी तुमचीच राहील, मोसम संपला की माझ्याकडं पाठवा. आठवीतल्या पोरीवर एकाच खेळाचा शिक्का मारायची घाई कुणाला झालीय? सोळा वर्षांपर्यंत तिला दोन्ही खेळू दे. माझ्या मॅटवर आली तर तुझंच काम होईल.

कोणत्या खेळातून काय येतं, याचा मी मागच्या महिन्यात बराच विचार केला. तुमची ती रग्बीची लीग टीव्हीवर लागायची तेव्हा. मुंबईत 15 ते 29 जून, सहा संघ, मैदानात सात-सात जण, चार-चार मिनिटांचे चार डाव. तुझी आई म्हणाली, कुकरच्या तीन शिट्ट्यांत मॅच संपते. सुरुवातीला मला एवढंच कळायचं, की बॉल हातानं पुढं टाकायचा नाही आणि माणसं तर पुढंच पळतायत. मग हळूहळू आपलं काही काही दिसायला लागलं.

आपल्या कबड्डीवाल्या पोरींना अंगाला अंग लागायची भीती नसते. हे मोठं भांडवल आहे, कारण बाकी कुठल्याही खेळातून आलेली पोर पहिल्या टॅकलला, म्हणजे बॉलवालीला धरून पाडताना, डोळे मिटते. कमरेची पकड, मांडीची पकड, कोपऱ्यातून झेप, सगळं येतं. पण इथंच धोकाही आहे. मुलींचं कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटर. तुमचं 100 बाय 70. आमची सत्तरेक मैदानं त्यात मावतील. आमच्याकडं चढाईवाली दोन पावलं सरकते, थांबते, हात घालते. तुमच्याकडं ती वीस मीटर पळत, पूर्ण वेगानं अंगावर येते. आमची कोपऱ्यातली पोर घोट्याला झेप घेते तेव्हा तिचं डोकं पायांच्या पुढ्यात असतं. मॅटवर चालतं. तुमच्या मैदानावर तेच डोकं गुडघ्यात जाईल. तूच मला एकदा स्वयंपाकघरात दाखवलं होतंस, डोकं बाजूला, गाल मांडीच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, आणि खांदा आत. माझ्या पोरींना पहिले दोन महिने बॉल देऊच नको, हे डोकं ठेवणं शिकव. आणि आणखी एक. कबड्डीत धरलं की सोडायचं नाही, हे आम्ही रक्तात भिनवतो. तुमच्याकडं पाडलं की लगेच सोडून बाजूला व्हावं लागतं, नाहीतर पेनल्टी. तुला ते सोडायला किती दिवस लागले, आठव.

डोक्याला मार लागला अशी नुसती शंका आली तरी पोरीला बाहेर काढायची, त्या दिवशी परत आत सोडायची नाही, हे तुमच्या खेळानं नियमच करून टाकलंय. आमच्याकडं पाणी मारून उठवायची पद्धत होती. मीही उठवल्यात.

खो-खोच्या पोरी निराळ्या. हुलकावणी त्यांच्याइतकी कुणालाच येत नाही. बसलेल्या आठ जणींमधून वळणं घेत पळणारी पोर तुमचा साइडस्टेप दोन दिवसांत उचलेल. पाठलाग करणारीला एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागं वळता येत नाही, त्यामुळं समोरची कुठं झुकणार हे ती खांद्यावरून वाचते. तुमच्या बचावात हेच लागतं ना? फक्त अंगाचा स्पर्श त्यांनी ढकलण्याइतका कधी भोगलेला नाही. त्यांना आधी कमरेला फडकी खोचून, ती खेचायच्या खेळावर ठेव. एकदम पाडापाडी नको. पहिल्याच आठवड्यात कॉलरबोन गेलं तर त्या घरातून धाकटी बहीणसुद्धा परत मैदानावर येणार नाही.

आणि हाताचं काय? कबड्डी, खो-खो, कुस्ती, आपल्या मातीतल्या या एकाही खेळात बॉल नाही. तुझे पहिल्या वर्षीचे पास मी बघितलेत, शेणाची गवरी थापावी तसे. म्हणून म्हणतो, सगळे लोक पळणाऱ्या पोरींच्या मागं धावतात, तू हँडबॉल आणि नेटबॉलच्या पोरी बघ. त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. शालेय स्पर्धेत सर्टिफिकेटापुरत्या खेळतात आणि दहावीनंतर घरी बसतात. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन नेटबॉल खेळायची. तिकडं रग्बी संघटनेनं 2012 मध्ये बाकीच्या खेळांतल्या मुलींना जाहीर हाक मारली, या, बघू तुम्हाला जमतं का. रिओ ऑलिंपिकला त्यांना रौप्य मिळालं, टोकियो आणि पॅरिसला सुवर्ण. रिओला त्यांना हरवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघातली क्लोई डाल्टन बास्केटबॉलमधून आलेली. दोघींचे हात आधीच तयार होते. उरलेलं शिकवता येतं.

नुसता वेग घेऊन आलेलेही आहेत, नाही म्हणत नाही. अमेरिकेचा कार्लिन आइल्स शंभर मीटर पळणारा होता, तिकडं जमलं नाही म्हणून रग्बीत आला. आपली स्वीटी कुमारी, बिहारच्या बाढची, तीही आधी धावपटूच. पण सगळ्या स्वीटी नसतात. वीस वेगवान पोरी घेशील, त्यांतल्या किती जणी पडून उठल्यावर पुन्हा पळायला तयार असतील, ते तिसऱ्या आठवड्यात कळेल. तोवर बाकीच्यांना तू घरी पाठवलेलं असशील. ही खरी माझी तक्रार आहे, दोन तासांत उरकण्यावर.

वयाचंही तसंच. तेरा वर्षांच्या पोरींमध्ये कुणाचं अंग भरलंय, कुणी अजून काडी आहे. आज जी सगळ्यांना आडवी करते तिचं निम्मं कौशल्य तिच्या जन्ममहिन्यात असतं. रजिस्टर माझ्याकडं आहे, तुझ्या कागदावर उंचीशेजारी जन्मतारीख लिही. काडी पोरींना आत्ता वगळू नको. त्यांना अंगानं जिंकता येत नाही म्हणून त्या डोकं वापरायला शिकतात, आणि सतराव्या वर्षी अंग आलं की त्या पुढं जातात. तुझ्याच बॅचमधली ती बारकी, जिला मी राखीव म्हणूनसुद्धा नेली नव्हती, ती आज पोलिसात आहे आणि पोलिसांच्या संघातून खेळते. रस्त्यात भेटली की मला सॅल्यूट मारते. मी दुसरीकडं बघतो.

पोलिसांवरून पैशाचं. तू येशील, गोड बोलशील, पोरी हो म्हणतील. पण मागं बाप उभा असतो, आणि तो एकच विचारतो, "हे खेळून नोकरी लागंल का?" खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण, एवढ्यावर आमची अर्धी कबड्डी चालते. लीगचं बघ. कबड्डीत पवन सेहरावतला एका मोसमाला अडीच कोटींच्या वर बोली लागली. रग्बीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला आपला मोहित खत्री पावणेपाच लाखांना. आणि ही लीग पुरुषांची. आपल्या पोरींनी टीव्हीवर मुलगे बघायचे. तेव्हा बापांना मोठी स्वप्नं दाखवू नको. गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत रग्बी होती, त्याचं सर्टिफिकेट कुठं चालतं ते कागद घेऊन ये आणि दाखव. बाप लोक कागद वाचतात.

मला मात्र एक गोष्ट पटलीय. 2019 मध्ये मनिलाला भारताच्या बायकांच्या रग्बी संघानं सिंगापूरला 21-19 नं हरवलं, पंधरा जणींच्या खेळातला तो पहिला विजय. शेवटची किक मारली सुमित्रा नायकनं. ओडिशाची, भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकलेली. त्या शाळेनं तिला कुणाकडून पळवली नव्हती. तिथंच खायला घातलं, तिथंच शिकवलं, आणि वर्षानुवर्षं वाट बघितली. तुमच्या संस्थेची तेवढी वाट बघायची तयारी आहे का, ते साहेबांना विचार. तीन महिन्यांचा प्रकल्प असेल तर माझ्या पोरी मी देणार नाही.

एक गंमत सांगतो, मग थांबतो. कलकत्त्यात दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांचा रग्बीचा क्लब होता. पोलो आणि टेनिस आलं, सभासद तिकडं गेले आणि क्लब बुडाला. उरलेले चांदीचे रुपये बँकेतून काढून, वितळवून त्यांनी एक कप केला आणि विलायतेला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून अजून त्याच कपासाठी खेळतात. म्हणजे पळवापळवी जुनीच, फक्त तेव्हा माणसं रग्बीचीच गेली होती. हे वाचल्यावर माझा राग जरा उतरला.

तर शनिवारी ये. सकाळी सातला, दहाला नको. मैदानात घोट्याएवढा चिखल असेल, तुझ्या तीस मीटरच्या खुणा वाहून जातील, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पास आणि झेल बघ. पन्नास नाही, तीस पोरी येतील. हँडबॉलच्या बारा जणींना मी निरोप दिलाय. खो-खोच्या सरांना तू शुक्रवारी रात्री स्वतः फोन कर. माझ्या कबड्डीच्या पोरींना मी काहीच सांगितलेलं नाही. त्या साडेसहाला मॅटवर असतात. ये, माझ्याशेजारी उभी राहा, अर्धा तास नुसतं बघ आणि मग मला विचार. त्यांना नाही, मला.

आणि पोटभर नाश्ता करून या असं सगळ्यांना सांगितलंय, वजन घेणार आहेत म्हणून कुणी उपाशी यायचं नाही. आई पोहे करणार आहे मोठ्या पातेल्यात. बॉल हवा भरूनच आण, इथल्या पंपाची सुई मोडलीय.

तुझा,
आबा