कार्बोरेटर दुरुस्ती किटमधील रबरी भाग पेट्रोलमध्ये फुगल्याबद्दल तक्रार

सातारा
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : कार्बोरेटर दुरुस्ती किटमधील सदोष सुई व रबरी रिंग, तसेच पाकिटावर चिकटवलेल्या स्टिकरबाबत.

संदर्भ : आपल्या ग्राहक सेवा केंद्राचा दि. २ जुलै २०२५ चा ई-मेल.

महोदय,

आपल्या कंपनीची कार्बोरेटर दुरुस्तीची दोन किटे मी ७ जून २०२५ रोजी साताऱ्यातील एका सुट्या भागांच्या दुकानातून प्रत्येकी २१० रुपयांना, पक्के बिल घेऊन खरेदी केली. एक माझ्या गाडीसाठी होते आणि दुसरे धाकट्या भावासाठी, कारण त्याच्याकडेही तेच मॉडेल आहे. माझ्या गाडीला बसवलेल्या किटमधील सुई (पेट्रोल अडवणारी झडप) आणि बाउलची (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीची) रिंग अकरा दिवसांत निकामी झाली. २३ जूनला मी फोनवर तक्रार नोंदवली, तिला उत्तर म्हणून आलेल्या ई-मेलमध्ये एकच वाक्य आहे : 'भाग अधिकृत मेकॅनिककडून बसवलेले नसल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.' हे उत्तर मला मान्य नाही. दोष बसवण्यात नसून मालातच आहे, असे मी ज्या आधारावर म्हणतो तो खाली देत आहे.

माझी गाडी १९९८ सालची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. फोनवर आपल्या प्रतिनिधींनी 'गाडीच फार जुनी आहे' असे दोनदा ऐकवले, म्हणून सांगतो की पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण मी पर्यावरण करासह वेळच्या वेळी केलेले आहे आणि सध्याची नोंदणी २०२८ पर्यंत वैध आहे. शिवाय आपले किट ज्या गाड्यांसाठी बनते त्या सगळ्या जुन्याच आहेत, आणि तशी यादी आपणच पाकिटावर छापलेली आहे.

रविवार, ८ जून रोजी मी कार्बोरेटर उतरवला. मूळ सुईच्या टोकावर वर्षानुवर्षांच्या घासण्याने बारीक वलय पडले होते आणि ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून अधूनमधून एखादा थेंब येत असे, एवढीच तक्रार होती. जेट (पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रांचे भाग) साफ केले, सुई ज्या पितळी सीटवर बसते ती कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात तपासली, तिच्यावर ओरखडा नव्हता. आपली सुई आणि रिंग घालून बाउल बंद केला आणि कार्बोरेटर गाडीवर चढवण्यापूर्वी तो उलटा धरून पेट्रोल येण्याच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून तोंडाने हवा फुंकली. उलट्या स्थितीत फ्लोटच्या (सुईला वर-खाली करणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वजनाने सुई सीटवर दाबली जाते, त्यामुळे सुई नीट बसली असेल तर हवा आत जात नाही. त्या दिवशी हवा अजिबात गेली नाही. सुई चुकीची बसवली असती तर ती पहिल्याच फुंकरीत कळली असती. पुढचे दहा दिवस गाडी एका किकमध्ये सुरू होत होती आणि थेंबही पडत नव्हता.

बिघाड १९ जूनच्या पहाटे लक्षात आला. पावसामुळे गाडी जिन्याखाली उभी असते आणि तिच्या वरच्या भिंतीवर इमारतीतील पाच घरांचे विजेचे मीटर आहेत. पेट्रोलच्या वासाने माझ्या आईला जाग आली. खाली जाऊन पाहिले तर ओव्हरफ्लोच्या नळीतून धार लागलेली होती आणि फरशीवर साचलेले पेट्रोल उंबऱ्यापर्यंत पोहोचले होते. मी कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद केला, दिव्याच्या बटणाला कोणालाही हात लावू दिला नाही आणि गाडी ढकलत अंगणात पावसात नेऊन उभी केली. रात्री कॉक बंद का केला नव्हता, असा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी विचारला. कॉक बंद करण्याची सवय चांगलीच आहे, पण कॉक चालू असताना पेट्रोल थोपवून धरणे हेच त्या सुईचे काम आहे. सिग्नलला किंवा घाटात गाडी थांबवल्यावर कोणी कॉक बंद करीत नाही, आणि तेव्हा ही धार तापलेल्या इंजिनाशेजारी पडली असती.

सकाळी डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून ऑइल पाहिले. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली होती, ऑइल पाण्यासारखे पातळ झाले होते आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे बाउलमधून चढलेले पेट्रोल इनलेटमधून सिलिंडरमध्ये आणि तेथून खाली ऑइलमध्ये उतरले होते. तशा ऑइलवर गाडी चालवली असती तर पिस्टन आणि कॅमशाफ्ट यांचे काय झाले असते हे आपल्याला मी सांगायला नको. ऑइल तीनच आठवड्यांपूर्वी बदललेले होते, ते पुन्हा बदलावे लागले.

कार्बोरेटर पुन्हा उतरवून तीच फुंकर मारली तेव्हा हवा सरळ आरपार गेली. सुई बाहेर काढल्यावर दिसले की टोकाचे काळे रबर फुगून धातूच्या कडेबाहेर आले आहे. नखाने दाबले की त्यात खड्डा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता. बाउलची रिंग तर खाचेतून निघाली ती परत खाचेत बसेचना, एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने उसळून वर येत असे. त्यानंतर मी मोटारसायकल कंपनीच्या अधिकृत दुकानातून मूळ सुई आणि रिंग आणली, जिची किंमत आपल्या किटच्या जवळजवळ तिप्पट आहे. फ्लोट तोच, सीट तीच, कॉक तोच, पेट्रोलचा पंपही तोच आणि बसवणारा हातही माझाच. बदलले ते केवळ दोन भाग. २२ जूनपासून आजपर्यंत एकही थेंब पडलेला नाही.

तरीही शंका राहू नये म्हणून दुसरे, न वापरलेले किट उघडून त्यातली रिंग आणि अधिकृत दुकानातून जादा आणलेली एक नवी रिंग अशा दोन्ही एकेका जागी कापून सरळ केल्या आणि पोलादी पट्टीवर मोजल्या. दोन्ही १५८ मिलिमीटर भरल्या. मग एकाच पंपावरचे पेट्रोल भरलेल्या काचेच्या दोन बरण्यांत त्या गच्चीवर आडोशाला बहात्तर तास ठेवल्या (घरात पेट्रोल ठेवायला सक्त मनाई झाली आहे, आणि ती योग्यच आहे). मूळ रिंग १६१ मिलिमीटर झाली, आपली रिंग १७४ मिलिमीटर झाली. लांबीत दहा टक्के वाढ म्हटल्यावर ती खाचेत कशी राहील?

यामागचे कारण आपल्या गुणवत्ता विभागाला माहीत असणारच. पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशात जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि आता पंपांवर वीस टक्क्यांचे मिश्रण मिळते. साध्या पेट्रोलमध्ये तग धरणारे साधे नायट्राइल रबर या मिश्रणात अधिक फुगते, म्हणून सुईच्या टोकाला फ्लोरिनयुक्त रबर वापरतात. म्हणूनच तर मी किट घेताना पाकिटावरचे 'इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी योग्य' हे शब्द वाचून घेतले होते. नाहीतर त्याच दुकानात ९० रुपयांचे बिननावाचे किटही होते.

आता माझ्या तक्रारीतील सर्वांत गंभीर भाग. ते शब्द पाकिटावर छापलेले नसून एका स्टिकरवर आहेत. त्याच स्टिकरवर २१० रुपये ही किंमत आणि ०२/२०२५ हा उत्पादनाचा महिना आहे. दुसऱ्या पाकिटावरचा स्टिकर पावसाळी हवेने एका कोपऱ्यात सुटला होता, तो हलकेच सोडवला. खाली मूळ छपाईत महिना ११/२०१९ आणि किंमत १४० रुपये आहे, इथेनॉलचा उल्लेख नाही. पहिल्या पाकिटावरही तेच आढळले. याचा मला दिसणारा अर्थ असा की, साडेपाच वर्षांपूर्वीच्या मालावर केवळ कागद नवा लागला, रबर तेच राहिले. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार छापील माहिती बदलण्यासाठी असा स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तरच तो लावता येतो, आणि तेव्हाही मूळ किंमत झाकायची नसते. हे काम कारखान्यात झाले की वितरकाच्या गोदामात, हे मला कळण्याचा मार्ग नाही, पण पाकिटावर नाव आपले आहे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे की, दोन्ही किटे, बदललेले ऑइल आणि मूळ भाग यांचा मिळून झालेला १,३४० रुपयांचा खर्च बिलांप्रमाणे परत मिळावा. रक्कम लहान आहे आणि तेवढ्यावर हा विषय मिटणार नाही. या सुईचे आणि रिंगचे रबर नेमके कोणते आहे आणि ते वीस टक्के इथेनॉलमध्ये तपासले होते का, याचे उत्तर गुणवत्ता विभागाकडून लेखी हवे. स्टिकर लावलेला माल दुकानांतून परत मागवावा. ७ जूनला त्या दुकानाच्या काउंटरवर अशी आणखी दहा-बारा पाकिटे मी पाहिली होती, आणि ती घेणाऱ्या सगळ्यांच्या जिन्याखाली मीटर नसले तरी कोणाच्या स्वयंपाकघराची खिडकी असू शकते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सातारा येथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जेथे राहतो तेथेच ती दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे आपले कार्यालय परराज्यात असल्याने मला अडचण येणार नाही. स्टिकरची बाब वैध मापन शास्त्र विभागाकडे स्वतंत्रपणे कळवण्याचा अधिकार मी राखून ठेवतो.

बिलांच्या प्रती, दोन्ही पाकिटांची आणि पट्टीवर मोजलेल्या रिंगांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. फुगलेली सुई आणि आपल्या दोन्ही रिंगा मी घट्ट झाकणाच्या बाटलीत जपून ठेवल्या आहेत. त्या टपालाने पाठवणार नाही. आपल्या प्रतिनिधींनी घरी येऊन पाहाव्यात, आणि सुईची तपासणी करायची असल्यास ती माझ्यासमक्ष सीलबंद करून, लेखी पोच देऊन न्यावी.

आपला,
एक ग्राहक