पाटण्यातले ‘एक रुग्णालय’ कोणाचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मदर तेरेसा यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे. मात्र १९४८ मध्ये लोरेटोचे कॉन्व्हेंट सोडल्यावर मदर तेरेसांनी ‘पाटण्यातील एका रुग्णालयात’ नर्सिंगचे धडे घेतले, एवढेच सांगून लेखक पुढे गेले. त्या रुग्णालयामागे दुसऱ्या एका मदरचे आयुष्य उभे आहे. मी ३४ वर्षे परिचारिका होते, बहुतेक काळ प्रसूती विभागात. म्हणून ते वाक्य मला तसेच सोडून देता आले नाही.

पाटण्यातल्या ‘पादरी की हवेली’ या जुन्या चर्चच्या आवारातले होली फॅमिली रुग्णालय मेडिकल मिशन सिस्टर्स चालवत. हा संघ स्थापन केला मदर अ‍ॅना डेंगल यांनी. त्यांचा जन्म १८९२ चा, ऑस्ट्रियातल्या टायरॉलमधल्या स्टीग गावचा. तरुणपणी त्यांना अ‍ॅग्नेस मॅकलारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंच्या कामाची माहिती मिळाली. या मॅकलारेनबाई उतारवयात कॅथलिक झाल्या होत्या आणि सत्तरी ओलांडल्यावर हिंदुस्थानात आल्या होत्या. रावळपिंडीत पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत आणि अडल्या तर घरातच मरतात, हे पाहून त्यांनी तिथे बायकामुलांसाठी सेंट कॅथरिन्स रुग्णालय सुरू करवले. अ‍ॅनाने त्यांना पत्र लिहिले. ब्रिटिश हिंदुस्थानात चालेल अशी पदवी हवी, म्हणून आयर्लंडमधल्या कॉर्कला जाऊन शिक, असा सल्ला बाईंनी दिला. १९१३ मध्ये त्या वारल्या. दोघींची भेट कधीच झाली नाही, तरी १९१९ मध्ये अ‍ॅना कॉर्कहून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी रावळपिंडीला पोहोचल्या.

तिथे त्यांनी चार वर्षे काढली आणि एकट्या डॉक्टरच्या हातून हे काम होणारे नाही हे त्यांना कळून चुकले. नन होऊन, आयुष्यभर डॉक्टरी करणाऱ्या बायकांचा संघ हवा होता. नेमके तेच चर्चच्या नियमात बसत नव्हते. धर्मव्रत घेतलेल्यांनी वैद्यकी करू नये हा जुना दंडक. सिस्टरने जखम बांधावी, औषध पाजावे, रात्रभर उशाशी बसावे, पण डॉक्टर होऊन शस्त्रक्रिया करणे, बाळंतपण करणे तिच्या व्रताला शोभत नाही, अशी समजूत होती. मी वसईची, कॅथलिक घरातली. ज्या चर्चने मला शिकवले, वाढवले, त्याच चर्चचा हा नियम होता हे लिहिताना वाईट वाटते, तरी ते लिहिले पाहिजे.

डेंगल यांनी चर्च सोडले नाही आणि हट्टही सोडला नाही. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये चौघींनी एकत्र राहायला सुरुवात केली. दोन डॉक्टर, दोन नर्स. सार्वजनिक व्रते घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी साधे वचन घेतले आणि काम सुरू केले. दोन वर्षांत रावळपिंडीत होली फॅमिली रुग्णालय उभे राहिले. शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने आदेश काढून नन्सना बाळंतपणासह वैद्यकी शिकायची आणि करायची मोकळीक दिली. चौघींच्या त्या घराला तोवर दहा वर्षे होऊन गेली होती.

ही मोकळीक म्हणजे काय, हे प्रसूती विभागात काम केलेल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री डोंगराकडच्या पाड्यावरून एक पहिलटकरीण आली. ड्यूटीवरचे डॉक्टर पुरुष होते, अतिशय चांगले होते. त्यांना पाहताच तिने पदर तोंडावर ओढला, गुडघे घट्ट मिटले आणि मला विचारले, “बाय डाक्टर नाय का?” नव्हत्या. शेवटी डॉक्टर दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. पिशवीचे तोंड किती बोटे उघडले, बाळाचे ठोके किती, हे मी आतून ओरडून सांगायचे आणि ते बाहेरून पुढचे सांगायचे. बाळ रडले तेव्हा पहाट झाली होती. तिचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की चार दिवस वळ राहिले. रावळपिंडीत असे दार रोज बंद होत होते, आणि बाहेर उभे राहायलाही कोणी नव्हते.

आपल्याकडे हे दुःख आनंदीबाई जोशी यांनी फार आधी बोलून दाखवले होते. हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांनी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत सांगितले आणि त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे मेडिकल मिशन सिस्टर्सचे अमेरिकेतले मुख्य घरही त्याच फिलाडेल्फियात झाले. आनंदीबाईंना आयुष्याने वेळच दिला नाही, हे आठवून ही गोष्ट मला नेहमी हुरहूर लावते.

पाटण्याची एक आठवण मदर तेरेसांच्या चरित्रांत सापडते. आपल्या नव्या संघातल्या बहिणींनी गरिबांसारखे फक्त भात-मीठ खावे, असे त्यांच्या मनात होते. मेडिकल मिशनच्या सिस्टर्सनी त्यांना स्पष्ट सांगितले, असे खाऊन राबाल तर तुम्हीच आजारी पडाल, मग सेवा कोण करणार? मदर तेरेसांनी ते ऐकले. हा रोखठोकपणा मला डेंगल यांच्या घराचाच वाटतो.

डेंगल १७ एप्रिल १९८० रोजी रोममध्ये वारल्या. दिल्लीत ओखल्याला आणि पाटण्यात कुर्जीला त्यांच्या संघाने उभारलेली होली फॅमिली रुग्णालये आपल्या अनेक वाचकांनी पाहिली असतील. आपल्या पुरवणीत आनंदीबाई, रखमाबाई यांच्यावर दरवर्षी लिहून येते आणि यावेच. पुढच्या वेळी त्यांच्या शेजारी अ‍ॅना डेंगल यांच्यासाठीही अर्धे पान राखून ठेवावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, वसई